व्हर्लीनच्या गाडीतलं रिव्हॉल्व्हर

व्हर्लीन स्लोनला घाबरेल असं आमच्या कारखान्यात कुणी नव्हतं. मशीनला धक्का लागला तर मशीनचीच माफी मागणारी बाई ती. ठेंगणी, गोल चेहऱ्याची, चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला. आम्ही गाड्यांच्या सीटची कव्हरं शिवायचो. म्हणजे बायका शिवायच्या, आणि त्यांची मशीनं बिघडली की मी दुरुस्त करायचो. केंटकीच्या आमच्या डोंगराळ भागात खाणी बंद पडत गेल्या, तशी घरं चालली ती या बायकांच्या शिलाईवरच.

व्हर्लीनच्या शेजारच्या मशीनवर नेडीन हॉलकम बसायची. उंच, हाडापेराने मोठी, आणि आवाज असा की शंभर मशीनं चालू असली तरी ती कुणाला शिव्या घालतेय ते दारापर्यंत ऐकू यायचं. दोघींचं कसं जमलं देव जाणे, पण वर्षानुवर्षं जमलं. डबा एकत्र, सिगारेटची सुट्टी एकत्र, आणि व्हर्लीन सिगारेट ओढत नसूनही थंडीत कुडकुडत नेडीनसोबत बाहेर उभी राहायची. नेडीनचा धाकटा, डस्टिन, व्हर्लीनच्या डोळ्यांदेखत मोठा झाला. स्लोनांना मूलबाळ नव्हतं. डस्टिनच्या प्रत्येक वाढदिवसाला सफरचंदाच्या तळलेल्या करंज्या व्हर्लीनच्याच घरून जायच्या.

तिचा नवरा आर्लिस माझ्याबरोबर शाळेत होता. उमेदीची वर्षं खाणीत घालवली, आणि खाणीने त्याला फुप्फुसात कोळसा भरून घरी पाठवलं. नाकात नळी घालून तो ओसरीत बसायचा. त्यांचं घर डोंगरावर, पार वरच्या वळणाला. पहिली पाळी गाठायची म्हणजे व्हर्लीनला अंधारातच निघावं लागे, आणि त्या रस्त्यावर फोनला रेंज आजही नाही.

एकदा अशाच पहाटे एक पिकअप तिच्या मागे लागला. दिवे पूर्ण वर केलेले, बंपरला बंपर टेकेल इतका जवळ. आत दोन-तीन पुरुष हसत होते. डोंगराच्या पायथ्यापर्यंत त्यांनी तिला तसंच हाकलत आणलं आणि हायवेला लागल्यावर भोंगा वाजवून निघून गेले. त्या दिवशी तिने इतक्या सुया मोडल्या की मी मशीन बिघडलं समजून उघडायला घेतलं. नेडीनने मला बाजूला ओढलं. "मशीनला काही झालेलं नाही रे, हॉबर्ट. तिचे हात बघ."

आर्लिसने त्याच आठवड्यात तिला बंदूक घ्यायचं ठरवलं, पण व्हर्लीनच्या भाच्याला दुकानात पाठवलं नाही. व्हर्लीनलाच नेलं, तिच्याच नावावर घेतलं, सगळं कायदेशीर. छोटंसं रिव्हॉल्व्हर, काळ्या मुठीचं. परसात कुंपणावर घेवड्याचे रिकामे डबे मांडून त्याने तिला चालवायला शिकवलं. ती डोळे मिटून चाप ओढायची आणि तो खोकत खोकत हसायचा, "अगं बये, डबे घाबरून पडतील अशी आशा आहे का तुला?" मग ते रिव्हॉल्व्हर तिच्या जुन्या ब्युइकमध्ये डॅशबोर्डच्या खणात जाऊन बसलं. पुढच्या हिवाळ्यात आर्लिस गेला. रिव्हॉल्व्हर तिथेच राहिलं.

त्यानंतर काही काळाने कंपनीच्या मोठ्या ऑफिसातून हुकूम आला. आमचा मॅनेजर प्रेटर, माणूस वाईट नव्हता, त्याने सगळ्यांना जेवणाच्या खोलीत बोलावलं.

"कारखान्याच्या हद्दीत बंदूक चालणार नाही. हद्द म्हणजे पार्किंगसुद्धा. गाडीत सापडली तर त्याच दिवशी घरी. कुणाला काही विचारायचंय?"

हरणांचा मोसम चालू होता. खोलीतल्या निम्म्या पुरुषांच्या गाडीत सीटमागे रायफल होती. सगळे आपापल्या बुटांकडे बघायला लागले. मीही. तेवढ्यात मागून एक हात वर झाला, शाळेतल्या मुलीसारखा.

"मिस्टर प्रेटर, मी अंधारात डोंगर उतरते तेव्हा तुम्ही येणार का माझ्या सोबतीला?"

हशा पिकला. प्रेटर म्हणाला, "मिस व्हर्लीन, हा सुरक्षेचा प्रश्न आहे."

"मीही तेच म्हणतेय. कारखाना तुमचा. या दाराच्या आत मी तुमच्या परवानगीशिवाय टाचणीसुद्धा आणणार नाही. पण गाडी माझी आहे. आपल्या राज्याचा कायदा सांगतो की गाडीत बंदूक ठेवायची की नाही हे मी ठरवायचं. भाच्याने वकिलाला विचारलंय." मग जरा थांबून, "चुकलं असेल तर माफ करा हं."

"माफी कसली मागतेस? बोल गं बाई, बोल!" नेडीन ओरडली आणि तिने टाळ्या वाजवायला सुरुवात केली. मग सगळ्यांनीच वाजवल्या. प्रेटरचे कान लाल झाले.

पुढे वकिलांचं आपसात काय ते बोलणं झालं आणि नोटीस बदलली. गाडीत ठेवा, नजरेआड ठेवा, गाडीला कुलूप लावा, आणि दाराच्या आत आणू नका. बस. त्या दिवसापासून व्हर्लीनचं नाव 'शेरीफ' पडलं. "शेरीफ, जरा कात्री द्या, गोळी नका घालू!" असं नेडीन दिवसातून एकदा तरी म्हणायची, आणि व्हर्लीन लाजून लाल व्हायची. पण आवडायचं तिला ते. जन्मात पहिल्यांदा कुणीतरी तिला कशासाठी तरी ओळखत होतं.

प्रेटर मात्र एकदा माझ्यापाशी उभा राहून खिडकीतून पार्किंगकडे बघत म्हणाला होता, "हॉबर्ट, तिचं खोटं नाही. पण इतक्या गाड्या दिवसभर अशा उभ्या असतात आणि राखणीला कुणी नाही. मला त्याची भीती वाटते." मी म्हटलं, "आपल्याकडे कोण येतंय चोरायला?" तेव्हा मला तसंच वाटत होतं.

थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीआधी आमच्याकडे सगळे घरून काहीतरी करून आणतात आणि एकत्र जेवतात. त्या वर्षी व्हर्लीनने कोंबडीच्या रश्श्यात शिजवलेले पिठाचे गोळे आणले होते, आर्लिसच्या आईच्या हातचे असायचे तसे. मोठं पातेलं, गरम, दोन्ही हातांत फडकं. नेडीनने तिच्यासाठी दार धरलं. आम्ही सगळे तुटून पडलो, तळाला लागलेलंसुद्धा कुणी सोडलं नाही. सुट्टी संपवून ती परत कामावर आली आणि संध्याकाळी नाक पुसायला कागद हवा म्हणून तिने डॅशबोर्डचा खण उघडला. कागद होते. रिव्हॉल्व्हर नव्हतं.

ती तशीच चोरीची तक्रार द्यायला खऱ्या शेरीफच्या, म्हणजे पोलिसांच्या, ऑफिसात गेली. तिथल्या डेप्युटीने सगळं लिहून घेतलं. गाडीला कुलूप होतं का, विचारलं. ती म्हणाली, "मी नेहमी लावते." त्याने तेवढंच लिहिलं. त्या दिवसांत नशेच्या गोळ्यांच्या नादी लागलेली पोरं पार्किंगमधून फिरायची आणि गाड्यांची दारं ओढून बघायची. उघडलं तर आत जे मिळेल ते घेऊन पसार. गावोगाव हेच चाललं होतं. भाचा म्हणाला, दुसरं घेऊन देतो. ती म्हणाली, "राहू दे सध्या."

फेब्रुवारीत डस्टिन गेला.

तो हायवेवरच्या पेट्रोलपंपावर काम करायचा. वेल्डिंग शिकायला जाणार होता, माझ्याकडे येऊन हेल्मेट घालून बघून गेला होता. एक पोरगा गल्ला लुटायला आला. डस्टिनने त्याला ओळखलं, शाळेत दोन वर्ग मागे होता. म्हणे, नावाने हाक मारली. हाक मारली म्हणूनच त्या पोराने घाबरून गोळी झाडली, असं पुढे कोर्टात आलं.

मयताच्या दिवसांत व्हर्लीन नेडीनच्या घरातून हललीच नाही. आलेल्या माणसांना कॉफी दिली, भांडी घासली, रात्रीची नेडीनच्या पायाशी बसून राहिली. नेडीन रडून रडून आवाज गमावून बसली होती. तो आवाज! व्हर्लीनने घरून घेवडा आणि मक्याची भाकरी मोठ्या थाळ्यात करून आणली आणि लहान पोराला भरवावं तसं तिला भरवलं. कबरीपाशी नेडीनचा नवरा एका बाजूला होता, दुसऱ्या बाजूने तिला सावरलं होतं व्हर्लीनने.

डेप्युटी त्यानंतर आला. तोच, ज्याने चोरीची तक्रार लिहून घेतली होती. ब्युइकच्या हेडलाइटचं काहीतरी बघायला मी तिच्या अंगणात होतो. त्याने टोपी काढली तेव्हाच मला कळलं की काहीतरी वाईट आहे.

"मिस व्हर्लीन, आधी बसा तुम्ही."

"मी उभीच बरी आहे रे. बोल."

"पंपावरचं हत्यार सापडलं. नंबर जुळवला." तो जमिनीकडे बघत बोलला. "तुमचं आहे. कायद्याने तुमच्यावर काही येत नाही, हे मी आधीच सांगतो. तुम्ही तक्रार केली होती. तुमची काही चूक नाही."

ती वळली. आत गेली. मला वाटलं पाणी प्यायला गेली असेल. बराच वेळ आली नाही म्हणून मी बघायला गेलो तर ती स्वयंपाकघरात आर्लिसच्या खुर्चीला धरून उभी होती. मला म्हणाली, "हॉबर्ट, त्या पोराच्या वाढदिवसाला यंदा काय करायचं ते मी ठरवून ठेवलं होतं."

भाचा आला, त्याने तिला बजावलं, "आत्या, तू कुणाला काही सांगू नकोस. कोर्टात कळेल तेव्हा कळेल."

"कोर्टात कळायच्या आधी तिला माझ्या तोंडून कळायला हवं," ती म्हणाली. मीच तिला नेलं.

नेडीन स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसली होती. समोर लोकांनी आणलेली भांडी रचून ठेवलेली, ज्याची त्याला परत करायची. व्हर्लीनने बसायचंही नाकारलं. उभ्या उभ्या सगळं सांगितलं. नेडीन ऐकत होती, चेहऱ्यावर रेघही हलली नाही.

"आणि अजून एक आहे," व्हर्लीन म्हणाली. "हे कुणालाच माहीत नाही. मी डेप्युटीला म्हणाले की मी नेहमी कुलूप लावते. ते खरं आहे. पण त्या जेवणाच्या दिवशी लावलं नव्हतं गं. हातात पातेलं होतं, कमरेने दार ढकललं. नंतर येऊन लावू म्हटलं. मग तुम्ही सगळ्यांनी जेवायला घेतलं आणि मी विसरले."

"त्या दिवशी दार मी धरलं होतं तुझ्यासाठी," नेडीन म्हणाली. आवाज अजून घोगराच होता.

"हो."

"मी म्हणाले होते, वास किती छान येतोय."

"हो."

नेडीन उठली. रचलेल्या भांड्यांतून व्हर्लीनचा थाळा काढला. तो स्वच्छच होता, तरी तिने नळाखाली धरून पुन्हा घासला, पुसून कोरडा केला आणि तिच्या हातात दिला. "हा तुझा," म्हणाली. एवढंच. आम्ही निघालो. परत येताना व्हर्लीनने तो थाळा पोटाशी धरला होता, वळणावर गाडी कलली तरी हात सोडला नाही.

नेडीन कामावर परतली त्या सकाळी ती आधी माझ्याकडे आली. "माझं मशीन पलीकडच्या रांगेत हलव."

"नेडीन, तिने मुद्दाम काही..."

"मला शिकवू नकोस, हॉबर्ट. मी तिला दोष देत नाही. टाळ्या मीच वाजवल्या होत्या, सगळ्यांत आधी. पण तिचे हात दिवसभर माझ्या डोळ्यांसमोर नकोत. बस."

मी हलवलं. जागेवर चौकोनी डाग राहिला, तेलाचा. कुणी व्हर्लीनला टाकून बोललं नाही, उलट जो तो तिला सांगायचा, तुझं काही चुकलं नाही, तू कायद्यातच होतीस. पुरुष मंडळी तर जरा जास्तच जोराने सांगायची. पार्किंगमध्ये रायफली होत्या तिथेच राहिल्या. कॅमेरे लागले, दिवे लागले. शेरीफ म्हणून मात्र तिला पुन्हा कुणी हाक मारली नाही.

खटला वर्षभराने उभा राहिला. तिला साक्षीला बोलावलं. प्लास्टिकच्या पिशवीतलं रिव्हॉल्व्हर समोर धरून सरकारी वकिलाने विचारलं, हे तुमचंच का? "माझंच." गाडीला कुलूप होतं का? तिने नेडीनकडे बघितलं आणि म्हणाली, "नव्हतं." न्यायाधीशांनी मान हलवली, हा गुन्हा नव्हे, असं स्पष्ट सांगितलं, आणि पुढचा साक्षीदार बोलावला. तो पोरगा जन्मभरासाठी आत गेला. त्याची आई व्हर्लीनच्याच बाकावर, दुसऱ्या टोकाला बसून रडत होती. रुमाल भिजून चिंब झाला होता तिचा. व्हर्लीनने आपला सरकवला.

परतीच्या वाटेवर ती मला म्हणाली, "हॉबर्ट, डेप्युटी म्हणतो चूक नाही. न्यायाधीश म्हणतात नाही. पाद्रीसुद्धा म्हणतो नाही. मग मी माफी मागायची तरी कुणाकडे?"

मी तिला तिच्या दारापर्यंत सोडलं.

अपील वगैरे सगळं संपल्यावर एक दिवस तिला शेरीफच्या ऑफिसातून फोन आला. तुमची वस्तू घेऊन जा. तिला आधी कळेचना, कुठली वस्तू. त्यांनी समजावलं, चोरीचा माल मूळ मालकाला परत जातो. नको असेल तर तसं सांगा, मग तो सरकारी लिलावात जाईल.

"लिलावात म्हणजे?"

"कुणीतरी विकत घेईल, मॅडम."

ती गेली आणि घेऊन आली. गाडीत पुढे ठेवायची हिंमत झाली नाही, डिकीत कांबळ्यात गुंडाळून. तिथून थेट माझ्या घरी. "याचे तुकडे करून दे," म्हणाली. मी म्हटलं शनिवारी करतो. तिने मान खाली घालून विचारलं, "नेडीनला कळवशील? ये म्हणू नकोस. नुसतं कळव."

मी कळवलं.

शनिवारी सकाळी मी शेडमध्ये लोखंड आवळून धरणारा शिकंजा लावून ठेवला होता. व्हर्लीन आली. आम्ही उगीच हवापाण्याच्या गप्पा मारत थोडं थांबलो, दोघांनाही माहीत होतं कशासाठी. मग अंगणात नेडीनची गाडी आली. ती बराच वेळ आतच बसून राहिली, इंजिन चालू. मग उतरली.

शेडमध्ये येऊन तिने कुणाकडे बघितलं नाही. "बघू," म्हणाली. मी कांबळं उघडलं. रिकामं आहे हे दोनदा तपासलं होतं. तिने ते हातात घेतलं, तळव्यावर तोललं.

"एवढंसंच?"

ती पुन्हा म्हणाली, "एवढंसंच होतं?" आणि तिचा चेहरा पिळवटला. व्हर्लीन एक पाऊल पुढे झाली आणि थांबली. नेडीनने तिला जवळ घेतलं नाही, पण मागेही सरली नाही. मग तिने ते माझ्याकडे न देता व्हर्लीनच्या हातावर ठेवलं. "तूच दे त्याला."

व्हर्लीनने दिलं. मी लोखंड कापायचा ग्राइंडर चालवला. ठिणग्या उडत होत्या आणि त्या दोघी भिंतीला टेकून, मध्ये अजून दोघी मावतील इतकी जागा सोडून, बघत होत्या. नळी, चक्री, चाप. लोखंड तापलं की त्याला जो वास येतो तो शेडमध्ये भरला. काळी मूठ शेवटी राहिली, ती मी हातोड्याने फोडली. तुकडे भंगारात टाकतो म्हटलं, दोघींनी मान डोलावली. नेडीन जायला निघाली. दारात तिने पाठमोरीच विचारलं, "डोंगरावरून अजून अंधारातच उतरतेस?"

"हो," व्हर्लीन म्हणाली.

"जपून उतर."

त्यापलीकडे त्यांच्यात बोलणं झालेलं मला माहीत नाही. पुढे नेडीनचा नवरा वारला आणि ती ओहायोला लेकीकडे राहायला गेली. कारखानाही बंद झाला, मशीनं मेक्सिकोला गेली. व्हर्लीन घरी शिवणकाम करायची, लोकांचे पडदे, चर्चच्या पोरांचे झगे. सणाला तिने पुन्हा कधी पातेलं भरून काही केलं नाही. बोलावलं तर दुकानातला पाव घेऊन यायची.

गेल्या वसंतात ती झोपेत गेली. भाच्याने मला फोन केला, मी नेडीनच्या लेकीला केला. नेडीन येईल असं काही मला वाटलं नव्हतं.

चर्चमध्ये गर्दी बेताचीच होती. नेडीन मागच्या बाकावर बसली, काठी टेकून. शवपेटीपाशी गेली नाही, गाणी म्हटली नाहीत. सगळे जेवायला खालच्या हॉलकडे वळले तशी ती बाहेर पडली. मी पाठोपाठ गेलो. लेक तिला गाडीत बसवत होती.

"त्रास झाला का रे तिला शेवटी?" नेडीनने विचारलं.

"नाही. झोपेतच गेली."

"बरं झालं," ती म्हणाली. थोडा वेळ चर्चच्या दाराकडे बघत राहिली. मग पाय आत घेतले आणि लेकीने दार लावलं. गाडी निघाली तेव्हा मी हात केला. तिनेही केला असावा. काचेवर ऊन होतं, नीट दिसलं नाही.